चौथा मोड

दिवसभर मी लोकांच्या कानात सरळ सूर सोडते.
कर्वे रस्ता, औषधाच्या दुकानावरचा मजला,
काचेची खोली, भिंतींना फोम.
अडीचशे, पाचशे, हजार, दोन हजार, चार हजार.
ऐकू आलं की बटण दाबा.
नाही आलं तरी काहीजण दाबतात,
नापास व्हायची भीती या वयातही जात नाही.

रात्री वारज्यात, जेवणाच्या टेबलावर
तपकीर गल्लीतल्या अडॅप्टरवर चालणारा काळा डबा.
दिवसा कान तपासते, रात्री याचे पिळते.
परवा त्यात नवी आवृत्ती भरली,
चार नवे ऑसिलेटर मोड.
भरताना दहा मिनिटं तो मेल्यासारखा पडला होता
आणि मी उगाचच पंखा बंद केला.

त्यांची नावं इंग्रजी. मी माझी ठेवली.
पहिला घडी:
लाट घडीच्या पोळीसारखी दुमडतो, परत दुमडतो,
मधे तेल लावायचं विसरतो,
मग पदर चिकटतात आणि खरखर निघते.
दुसरा हट्टी: एक लाट संपायच्या आत
तिला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावतो.
तिसरा नुसता आ वासतो. आ, ए, ओ,
व्यंजनाचा पत्ता नाही.

चौथ्याला नाव सुचेना.
त्यात चौसष्ट लाटांची थप्पी
आणि खुंटी दोन लाटांच्या मधे कुठेही थांबते,
जिथे कुणी काही कोरलेलंच नाही.
तिथे यंत्र अंदाज करतं.
तीन रात्री मी तो अंदाज ऐकत बसले.

मंगळवारी मुरकुटे आले.
खडकीच्या कारखान्यात बत्तीस वर्षं, प्रेसवर.
चार हजारांपाशी आलेखात खड्डा,
आपल्या रस्त्यांवर असतो तसा, सगळ्यांना पाठ झालेला.
सोबत कौसल्याबाई, मांडीवर फाइल.
कानात वाजतं म्हणाले.
मी सूर दिला. "हा नाही."
गोंगाट दिला. "छे, तो असा धुतलेला नाही."
रातकिडे? नाही. शिट्टी?
"शिट्टी कशी असेल मॅडम, शिट्टी थांबते."

नियमात बसत नाही, पण गुरुवारी
डबा टॉवेलात गुंडाळून स्कूटरवर पायांशी ठेवला,
पुतळ्याच्या सिग्नलला एक हात त्याच्यावर.

घडी. हट्टी. आ वासलेला.
मुरकुट्यांची मान नाही म्हणत राहिली.
मग चौथा. खुंटी सावकाश,
अठरा, एकोणीस, वीस,
वीस आणि एकविसाच्या मधे कुठेतरी
त्यांनी बटण दाबलंच नाही,
हात वर केला, वर्गात करतात तसा.
"जरा वर घ्या. आता थोडा घाण करा."
दुसऱ्या ऑसिलेटरवर मी चिमूटभर घडी घातली.
"हा," म्हणाले.
मग बराच वेळ काहीच म्हणाले नाहीत.

हेडफोन कौसल्याबाईंकडे दिले.
त्यांनी कानामागचे केस सारून ते लावले.
नऊ सेकंद. मी मोजले, सवयीने.
"एवढा?"
आणि मग, "रात्रीपण?"
"रात्री जास्त."
मी आवाज कमी करायला हात नेला
तर म्हणाल्या, राहू दे.

यावर औषध नाही, हे मी सांगितलं.
फाइलमध्ये हेच वाक्य
आणखी तीन डॉक्टरांच्या अक्षरात होतं.
जाताना जिन्यात बाई
पहिल्यांदाच त्यांच्या उजव्या बाजूने चालल्या,
जिकडून त्यांना थोडं ऐकू येतं.

घरी तोच आवाज मी चार सप्तकं खाली वाजवून पाहिला.
वाटलं होतं, तळाशी प्रेस सापडेल, ठोका, लोखंड.
तसं काही नव्हतं.
कुणीतरी ओल्या फरशीवरून
पाट ओढत नेल्यासारखं वाजलं.

साठवताना यंत्राने नाव विचारलं.
रिकामं घेत नाही ते.
मी एक टिंब दिलं.